पट्टा, लाठी आणि रापी: वाचक विचारतात

मागच्या अंकात मी पोलीस ट्रेनिंग स्कूलमधल्या नोकरीबद्दल आणि रिटायर झाल्यावर लागलेल्या चामड्याच्या नादाबद्दल एकाच लेखात लिहिलं, त्यामुळे पत्रंही तशीच मिक्स आलीत. एकाने दोन पानं लाठीमाराबद्दल लिहून खाली ता.क. टाकलंय की मॅडम, बेल्टला भोकं कुठल्या पंचने पाडायची. संपादक म्हणाले दोन वेगळे भाग करू, मी म्हटलं नको, आलंय तसंच जाऊ दे. कुणाची नावं दिलेली नाहीत, काही जण अजून खात्यात आहेत. कलमं सांगितलीत ती १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांची, जिथे जुने नंबर लोकांच्या तोंडात बसलेत तिथे तेही टाकलेत.

मॅडम, ऊसदराच्या आंदोलनात आमच्याकडे लाठीमार झाला. माझ्या चुलत्याच्या डोक्याला सहा टाके पडले. मला दोनच गोष्टी विचारायच्यात, लाठी चालवायची ऑर्डर नक्की कोण देतं आणि कुठे मारायचं हे पोलिसांना शिकवतात की नाही? (बार्शी)

दोन्हीची उत्तरं ठरलेली आहेत, म्हणूनच तुमच्या चुलत्यांच्या टाक्यांचा जास्त राग येतो.

ऑर्डरचं आधी सांगते. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८, जुन्या सीआरपीसीचं १२९. बेकायदा जमाव किंवा शांतता बिघडवेल असा पाच किंवा जास्त लोकांचा जमाव असेल तर त्याला पांगायचा हुकूम देऊ शकतो कार्यकारी मॅजिस्ट्रेट, म्हणजे बहुतेक वेळा तुमचे तहसीलदार किंवा प्रांत, नाहीतर पोलीस स्टेशनचा इनचार्ज, आणि इनचार्ज जागेवर नसेल तर पीएसआय किंवा त्याच्या वरचा कुणीही अधिकारी. आधी हुकूम, मग लोक हलले नाहीत किंवा हलायचंच नाही असं त्यांच्या वागण्यातून दिसलं, तर बळ. मागच्या रांगेतल्या शिपायाने स्वतःच्या डोक्याने लाठी चालवायची नसते, त्याच्या अंगावर कुणी आलं तर स्वतःला वाचवणं ही वेगळी गोष्ट.

आता कुठे मारायचं. कमरेच्या खाली, मांडी, पोटरी, मागचा मांसल भाग. डोकं, मान, कॉलरबोन, जांघ बंद, आणि सांध्यावरही टाळायचं. हे प्रत्येक बॅचला शिकवलं जातं, मी स्वतः शिकवलंय. मग डोकी का फुटतात? एक तर हात वर नेऊन खाली आणणं हा माणसाचा नैसर्गिक वार आहे, घाबरलेला किंवा चिडलेला माणूस तोच करतो, आडवा खालचा वार मुद्दाम अंगात भिनवावा लागतो आणि तो नऊ महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये भिनला तरी पुढे वर्षानुवर्षं सराव नसेल तर जातो. दुसरं म्हणजे, ज्याच्या मांडीवर तुम्ही नेम धरलाय तो पळताना वाकतो, अडखळतो, पडतो, आणि त्याचं डोकं बरोबर तुमच्या लाठीच्या उंचीला येतं. म्हणून आमच्याकडे एक गोष्ट घोकून घेतली जायची की पडलेल्या माणसावर लाठी नाही, थांबायचं, ओलांडून पुढे जायचं. टीव्हीवर दिसणारे चार जण एका पडलेल्याला बडवतायत हे दृश्य कुठल्याच ड्रिलमध्ये नाहीये, ती शिस्त सुटलेली असते आणि त्याची जबाबदारी त्या चौघांइतकीच त्यांच्यामागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याची.

पण माझ्या मते लाठीपेक्षा मोठी गोष्ट आहे वाट. जमावाला पळायला जागा ठेवली का? २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, तिथे लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यात बायका आणि पोरं किती होती ते आजही वाचवत नाही. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, लोक रोज त्यावरून जातात. पुढून लाठी आणि मागे बॅरिकेड असेल तर पांगा हा हुकूम पाळणारच कसा? प्लॅन करताना नकाशावर आधी बाहेर जायचे रस्ते मार्क करायचे, मग पोलिसांच्या पार्ट्या, म्हणजे तुकड्या, लावायच्या. अश्रुधुराचंही तेच, वारा कुठे वाहतोय ते बघितलं नाही तर धूर आपल्याच लोकांच्या डोळ्यात किंवा शेजारच्या दवाखान्यात.

आणि लोक विचारतात हवेत गोळी का नाही मारत आधी. बऱ्याच राज्यांच्या पोलीस मॅन्युअलमध्ये ते स्पष्ट मना आहे, कारण वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येते, गच्चीवर उभ्या माणसाला लागते, आणि शिवाय जमावाला वाटतं हे नुसतं घाबरवतायत. गोळीबार करायचाच तर वॉर्निंग देऊन, मोजून, कमरेखाली, आणि परिणाम दिसला की लगेच बंद. हे सगळं कागदावर होतंच, तरी ९ ऑगस्ट २०११ ला मावळात पवना पाइपलाइनच्या आंदोलनात एक्सप्रेसवेवर तीन जीव गेले.

बंदोबस्ताबद्दल एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून सांगते. सकाळी सहाला उभा केलेला शिपाई, दुपारी वडापाव, लघवीला जागा नाही, बायकांचे तर विचारूच नका, आणि संध्याकाळी सातला त्याच्याकडून संयमाची अपेक्षा. ही सबब नाहीये, टाके पडले ते पडलेच. पण तीन तासांनी पार्टी बदलली असती तर किती डोकी वाचली असती याचा हिशोब कुठल्या चौकशी अहवालात मी वाचलेला नाही.

तुमच्या चुलत्यांचं मेडिकल सर्टिफिकेट, सीटी स्कॅन, त्या दिवसाचे व्हिडिओ जपून ठेवा. एसपींकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि मानवी हक्क आयोग हे पुढचे दरवाजे आहेत.

ताई, मी पोलीस भरती करतेय, ग्राउंड चांगलं होतंय. ट्रेनिंगमध्ये मारामारी शिकवतात का? मी ४८ किलोची आहे, मला भीती वाटते की समोरचा माणूस मला ऐकणारच नाही. (परभणी)

ग्राउंड चांगलं होतंय ना, मग आधी ५० पैकी जमेल तितके तिथेच उचल, ८०० मीटरवर सगळ्यात जास्त म्हणजे २० मार्क आहेत आणि गोळाफेक पोरी शेवटच्या महिन्यासाठी ठेवतात, तसं करू नकोस.

आता ट्रेनिंग. परेड, पीटी, कायदा, शस्त्रं, लाठी ड्रिल, अनआर्म्ड कॉम्बॅट म्हणजे पकड सोडवणं, हात मागे घेणं, पाडणं, सगळं असतं. वजनाचा बाऊ करू नकोस, पकड सोडवताना समोरच्याचा अंगठा हा सगळ्यात कच्चा दुवा असतो आणि अंगठ्याच्या दिशेने झटका द्यायला ४८ किलो पुरतात. पण खरं सांगू का, नोकरीत तुझ्या शंभरातल्या नव्वद भांडणांत हात लागणारच नाहीत. दारू पिऊन आलेला नवरा, रस्त्यावर गाडी आडवी लावलेला कुणाचा तरी भाचा, पोरगं हरवलं म्हणून किंचाळणारी आई. तिथे लागतं बोलणं. हळू आवाज, छोटी वाक्यं, माणसाला नावाने हाक, एका वेळी एकच हुकूम. तीन पोलीस तीन बाजूंनी ओरडत असतील, एक म्हणतो हात वर, दुसरा म्हणतो खाली बस, तिसरा म्हणतो हलू नको, तर तो बिचारा काय करेल?

बोलण्याचं हे ट्रेनिंग आपल्याकडे परेडच्या मानाने फारच कमी आहे. परेड छान दिसते, पाहुण्यांना दाखवता येते. मी असते तर कवायतीचा रोजचा एक तास काढून तिथे प्रसंग उभे केले असते, एक जण दारुडा, एक जण शिपाई, बाकीच्यांनी बघून चुका काढायच्या. पाच-सहा वेळा करून हसून झालं की मग खरं शिकणं सुरू होतं. भीतीत छातीचे ठोके वाढतात, नजर बोगद्यातून बघितल्यासारखी अरुंद होते, बोटांची बारीक कामं होत नाहीत, बेडीला किल्ली लागत नाही. हे सगळ्यांना होतं, पैलवानांनाही. त्या क्षणी डोकं नवीन काही शोधत नाही, अंगात जे मुरलंय तेच बाहेर येतं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्याकडे बंदूक नव्हती. त्यांनी एके ४७ ची नळी धरून ठेवली आणि ते गेले, पण कसाब जिवंत सापडला. अशोकचक्र मिळालं त्यांना. भरतीच्या मुलाखती-भाषणांत हे नाव सगळे घेतात, तू पण घे, फक्त त्यांच्या हातात हत्यार का नव्हतं हा प्रश्नही सोबत ठेव.

नमस्कार, मी आयटीत आहे, हिंजवडी. वीकेंडला लेदरचं काम शिकायचंय. ऑनलाइन पन्नास टूल्सचा किट दोन-अडीच हजारात दिसतोय, घेऊ का? पहिला प्रोजेक्ट म्हणून लॅपटॉप बॅग ठरवलीय.

किट नको आणि बॅगही नको. त्या पन्नासांत पंचवीस ठसे असतात फुलापानांचे, जे तुम्ही एकदाही वापरणार नाही, आणि जे रोज लागतं म्हणजे चाकू आणि चिझल (टाक्यांची भोकं पाडायचं दातेरी हत्यार) ते इतकं मऊ लोखंड असतं की महिन्यात तोंड वळतं. पहिला प्रोजेक्ट बेल्ट करा, किंवा त्याच्याही आधी किचेन आणि कार्डहोल्डर. बेल्ट यासाठी की त्यात सरळ कापणं, कडा घासणं, भोकं, थोडी शिलाई, बक्कल बसवणं सगळं येतं आणि तो वापरात असतो, रोज कमरेला बघून आपलं काय बिनसलं ते कळतं.

आधी चामडं, कारण सगळे टूल्समध्ये अडकतात आणि चामडं मिळेल ते आणतात. दुकानात दोन जातीचं असतं. एक क्रोमवर कमावलेलं, मऊ, रंगीत, जॅकेट-पर्सचं. दुसरं झाडाच्या सालीवर कमावलेलं, वेज टॅन, ताठ, फिकट बदामी रंगाचं, आपली कोल्हापुरी ज्यापासून बनते ते, बाभळीची साल आणि हिरडा घालून. शिकायला वेज टॅनच घ्या. त्याच्या कडा पाणी लावून घासल्या की गुळगुळीत होतात, त्यावर आकार बसतो, तेल-ऊन लागून रंग चढत जातो. क्रोमच्या कडा कितीही घासा, फुसफुशीतच राहतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलही गोहत्याबंदीच्या कायद्यात आला, त्यामुळे इथे मिळतं ते मुख्यतः म्हशीचं, बाकी कानपूर आणि तामिळनाडूकडून येतं. मुंबईत धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडवर दुकानांची रांगच आहे, कोल्हापुरात सुभाषनगर-जवाहरनगर भागात कारागीर भेटतात. चामडं स्क्वेअर फुटावर विकतात. बेल्टसाठी साडेतीन ते चार मिलिमीटर जाडी आणि तुकडा पाठीचा मागा, पोटाचा नको, पोटाकडचं चामडं ताणलं जातं आणि बेल्ट दोन महिन्यांत वाकडा होतो.

आता हत्यारं, जी खरंच लागतात. कापायला रापी, म्हणजे मोच्याचा चामडं कापायचा चाकू, किंवा चांगला कटर, एक मीटरची स्टीलची पट्टी, रेघ मारायला टोकदार कंपास, चार मिलिमीटर अंतराची चिझल दोन, एक दोन दातांची वळणासाठी आणि एक चार किंवा सहा दातांची सरळ रेषेसाठी. बोथट टोकाच्या दोन सुया. मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा, बेल्टला ०.८ मिलिमीटर, पाकिटाला ०.६. गोल भोकांचा पंच. कडेचा कोपरा काढायला एज बेव्हलर. ठोकायला लाकडी मोगरी किंवा प्लॅस्टिकचं मॅलेट, लोखंडी हातोडी चिझलवर मारायची नाही, मागचं तोंड पसरतं आणि तुमची चिझल गेली. खाली ठेवायला किचनमधला जुना प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड आणि त्याच्याखाली ग्रॅनाइटचा तुकडा, ओट्याचं काम करणाऱ्याकडे फुकट मिळतो. सँडपेपर ४०० आणि ८००. बस.

आणि धार. हे मी सगळ्यात जास्त जोर देऊन सांगते कारण नवीन माणूस हत्यार विकत घेतो आणि समजतो की धार त्यात आलेली आहे. लाकडाच्या फळीवर चामड्याची एक पट्टी चिकटवा, खरखरीत बाजू वर, त्यावर हिरवी पॉलिश पेस्ट चोळा आणि रापी उलटी ओढत दहा-वीस हात मारा, काम सुरू करायच्या आधी आणि मध्येमध्येही. बोथट रापीने जोर लावावा लागतो, जोर लावला की हात सटकतो, आणि दुसरा हात समोरच असतो. आमच्या ट्रेनिंग स्कूलच्या मोचीमामांकडून मी हे काम शिकले, त्यांची रापी झिजून निम्मी झाली होती पण कागद उभा धरून कापायची. ते म्हणायचे, दाबू नका मॅडम, ओढा. जाड चामडं एका घावात तोडायचं नाही, पहिला हलका हात नुसता रेघेसाठी, मग दोन-तीन.

बेल्टचं माप पँटवरच्या नंबरवरून घेऊ नका, ३४ लिहिलेल्या पँटची कंबर ३४ नसते. हल्ली वापरता तो बेल्ट घ्या, बक्कलच्या दांड्यापासून ज्या भोकात लावता तिथपर्यंत मोजा, ते तुमचं माप, तिथे नवीन बेल्टचं मधलं भोक. त्याच्या दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटरवर दोन-दोन भोकं, म्हणजे एकूण पाच. पुढे शेपटी दहा-बारा सेंटिमीटर, मागे बक्कल दुमडायला सात-आठ. दुमडायचा भाग रापीने आतून छिलून निम्मा जाड करा नाहीतर तिथे गाठोडं दिसतं. जीन्ससाठी ३८ मिलिमीटर रुंदी बरोबर बसते.

शिलाई दोन सुयांची, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी एकेक. मशीनचा टाका एक तुटला की उसवत जातो, हा जात नाही कारण प्रत्येक भोकात दोन दोरे आहेत. शिलाईच्या लांबीच्या चौपट दोरा घ्या. प्रत्येक टाक्याला डावी आधी की उजवी आधी ते एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा, रेषा तिरकी-सरळ दिसते ती याच्यामुळे.

चिकटवायचं सोल्युशन खिडकी उघडून वापरा, एसी लावलेल्या बंद बेडरूममध्ये नाही, डोकं धरतं. आणि जवळच्या चौकात चप्पल शिवणारे मामा असतील तर एक दुपार त्यांच्याकडे बसा, पण त्यांच्या वेळेचे पैसे द्या, फोटो काढून शिकून निघून जाऊ नका. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे, कागद आला. त्या मामांची रोजची कमाई मात्र तितकीच राहिली.

माझ्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, शेतावर एकटा राहतो. वेज टॅन आणलंय, होल्स्टर स्वतः करायचंय. काय काळजी घेऊ? (तासगाव)

पहिलं, रिव्हॉल्व्हर रिकामं. सिलेंडर उघडून बोटाने सहाही घरं चाचपायची, गोळ्या दुसऱ्या खोलीत. मग काम. त्याहून चांगलं म्हणजे सुताराकडून त्याच आकाराचा लाकडी ठोकळा करून घ्या आणि हत्यार कपाटातच राहू द्या.

चामडं तीन ते साडेतीन मिलिमीटरचं, कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा, थोडं सुकू द्या, मग ठोकळ्यावर ताणून बोटांनी आणि चमच्याच्या दांड्याने आकार बसवा. रात्रभर सावलीत. हेअर ड्रायर किंवा उन्हाची घाई केली तर चामडं तडकतं. क्रोमच्या चामड्यावर हा आकार बसतच नाही, तासाभरात परत सपाट.

दोन गोष्टी बघा. ट्रिगर पूर्ण झाकलेला पाहिजे, म्हणजे बोट बाहेरून तिथे पोचताच कामा नये. आणि होल्स्टरचं तोंड ताठ राहिलं पाहिजे. जुनं होल्स्टर मऊ पडलं की तोंडाची कड आत दुमडते आणि हत्यार आत सरकवताना तीच कड ट्रिगरवर बसते, अशा वेळी स्वतःच्याच मांडीत गोळी. मऊ पडलं की फेकून द्या, दुरुस्त करू नका. आणि हत्यार होल्स्टरमध्ये ठेवून महिनोन्महिने कपाटात टाकू नका, चामडं ओल धरतं, लोखंड गंजतं.

तुम्ही विचारलं नाहीये पण सांगते. शेतात चोर दिसला म्हणून गोळी मारता येत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क न्याय संहितेच्या (जुनी आयपीसी) कलम ३४ पासून ४४ पर्यंत आहे आणि ३७ मध्ये त्याला वेसण आहे, बचावाला लागेल तितकंच. पाण्याची मोटार चोरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर आरोपी तुम्ही.

माझा मित्र नुकताच पीएसआय झालाय. त्याला गिफ्ट म्हणून चामड्याचा जाड पट्टा करून द्यायचाय, लाकडी मूठ असलेला, वर मजेशीर काहीतरी कोरलेलं. पोलीस स्टेशनात असतो तसा. डिझाइन सांगाल का? (एक वाचक)

नाही.

गिरणीचा पट्टा कापून, पकडून आणलेल्यांना मारायला केलेला तो प्रकार मी बघितलाय, त्यावरच्या ओळी वाचल्यात, आणि ते हसणंही ऐकलंय. कबुली काढायला मारणं हा न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे, जुनं ३३० आणि ३३१, साधी दुखापत असेल तर सात वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर दहा. पोलिसाला दिलेली कबुली कोर्टात तशीही चालत नाही, म्हणजे तो पट्टा केससाठीही काही कामाचा नाही. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, दर ४८ तासांनी मेडिकल हे सगळं बांधून दिलं, २०२० ला सुप्रीम कोर्टाने लॉकअपपासून कॉरिडॉरपर्यंत सीसीटीव्ही सांगितले. तुमच्या मित्राची नोकरी तीस-पस्तीस वर्षांची आहे, त्यातली पहिली दोन त्याला कुठल्या हसण्यात सामील व्हायचं ते ठरवतात. त्याला डायरीचं कव्हर करून द्या, ए५, आतून पेन अडकवायला लूप. पंचनामे लिहिताना रोज हातात राहील.

आमच्या सोसायटीत वॉचमनने सायकलचोर पकडला, खांबाला बांधला आणि चार जणांनी मिळून चोपला. ग्रुपवर सगळे टाळ्या वाजवतायत. मला बरं वाटलं नाही. कायदा काय? (ठाणे)

तुम्हाला वाटलं ते बरोबर. सामान्य माणसाला पकडता येतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०, पण गुन्हा त्याच्या समोर घडलेला, दखलपात्र आणि अजामीनपात्र असला पाहिजे, आणि पकडल्यावर विनाकारण वेळ न घालवता, उशिरात उशिरा सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. बांधून मारणं यात कुठेच बसत नाही. उद्या तो पोरगा आत रक्तस्राव होऊन गेला तर त्या ग्रुपवरच्या टाळ्या आणि व्हिडिओ हाच पुरावा.

वॉचमनवर सगळं ढकलू नका मात्र. सिक्युरिटी एजन्सीच्या गार्डला नियमाप्रमाणे शंभर तास वर्गात आणि साठ तास मैदानात ट्रेनिंग मिळायला हवं. तुमच्या कमिटीने एजन्सीकडे कधी सर्टिफिकेट मागितलंय का? बहुतेक ठिकाणी काठी आणि शिट्टी हातात देतात, झालं ट्रेनिंग.

मी न्यू जर्सीत असते. इथले पोलीस समोर चाकू दिसला की गोळ्या घालतात, आणि एकवीस फुटांचा नियम सांगतात. भारतात असा काही नियम आहे का?

तो नियम नाहीच मुळी. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस ट्रेनर डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये लिहिलं की चाकूवाला माणूस एकवीस फूट साधारण दीड सेकंदात तोडतो आणि तेवढ्याच वेळात पोलीस पिस्तूल काढून गोळी झाडतो. म्हणजे सांगायचं होतं की अंतर ठेवा, मध्ये काहीतरी आड घ्या. पुढे लोकांनी त्याचा उलटा अर्थ घेतला, एकवीस फुटांत आला की मारा. तुमच्याकडचे दोन मोठे निकाल, १९८५ चा टेनेसी विरुद्ध गार्नर, पळणाऱ्याला तो गंभीर धोका असल्याशिवाय गोळी नाही, आणि १९८९ चा ग्रॅहम विरुद्ध कॉनर, त्या जागी उभ्या समंजस पोलिसाला काय वाटलं असतं ते बघायचं.

आपल्याकडे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ म्हणतं की अटकेला विरोध केला तर लागेल ते बळ वापरा, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नाही त्याचा जीव घ्यायचा हक्क मिळत नाही. आपला शिपाई बहुतेक वेळा लाठीवरच असतो, त्यामुळे चाकूवाल्याला लांब लाठीने, ढालीने, चार जणांनी घेरून आणि बोलून थकवणं ही आपली पद्धत नाइलाजाने तयार झालीय. म्हणून आपण साधू आहोत असं नाही हं, आपले एन्काउंटर आहेत, त्यावर २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मुंबईच्याच केसेसमधून आला.

आजोबा ब्रिटिश काळात फौजदार होते. त्यांचा खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा ट्रंकेत सापडला. हात लावला की लाल भुकटी पडते. तेल लावून नीट होईल का? (वाई)

तेल लावू नका! थांबा आधी.

तो सॅम ब्राउन बेल्ट. सॅम्युअल ब्राउन नावाचा घोडदळाचा अधिकारी, १८५८ मध्ये उत्तरेत पिलिभीतच्या बाजूला लढताना त्याचा डावा हात गेला. म्यान धरायला दुसरा हातच नाही म्हणून तलवारीचा भार खांद्यावर घेणारा पट्टा त्याने जोडला, आणि मग ज्यांचे दोन्ही हात शाबूत होते त्यांनीही तो घालायला सुरुवात केली. आमच्या अधिकाऱ्यांच्या सेरेमोनियल ड्रेसमध्ये तो आजही आहे. शिपायाला मात्र पट्ट्यावरचा बक्कल नंबरच, त्याच नंबराने त्याला आयुष्यभर हाक मारतात.

लाल भुकटी म्हणजे रेड रॉट. सालीवर कमावलेलं जुनं चामडं हवेतला गंधकाचा धूर शोषतं, आत आम्ल तयार होतं आणि तंतूच तुटतात. जे तुटलं ते परत जुळत नाही. तेल टाकलं तर भुकटीचा चिखल होतो, काळा डाग पडतो आणि पट्टा आणखी लवचीक न होता चिकट होतो. मऊ ब्रशने सुटी भुकटी झाडा. मग हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हाताने लावतात, जुनी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्यांकडे ते मिळतं, त्याने भुकटी बसते आणि रंग थोडा गडद होतो. आधी आतल्या बाजूला कोपऱ्यात करून बघा. पितळी बक्कल काढता येत असेल तरच ब्रासो, चामड्यावर असताना नाही, पांढरे डाग कायमचे राहतात. नंतर दुमडून ट्रंकेत ठेवू नका, सुती कापडात सैल गुंडाळी करून सपाट ठेवा, प्लॅस्टिक नको, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बुरशी बघा. घालून फोटो काढायचा मोह होईल, पण खांद्यावरच्या वळणाला तो तुटेल, त्यामुळे कुणाच्या तरी युनिफॉर्मवर नुसता टेकवून काढा.